इर्बिदची बहीण

“मी नाही जाणार,” असं म्हणून अबू नाइफ गावच्या आरोग्य केंद्रातल्या बाकावर मोजा चढवायला लागला. पायाचा अंगठा काळा पडला होता. याच आठवड्यात इर्बिद शहरातल्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं नाही तर पाऊल कापावं लागेल, असं डॉक्टर आत्ताच बजावून गेले होते. त्यांनी लिहिलेली चिठ्ठी टेबलावर पडून होती.

“काका, पाय तुमचा आहे, माझा नाही,” नर्स रस्मिया म्हणाली.

“म्हणूनच सांगतो! माझा पाय, माझी मर्जी. जैतुनाची तोडणी तोंडावर आलीये आणि मी तिकडे शहरात रांगा लावत बसू? सत्तर वर्षं चाललाय हा पाय, अजून चालेल.”

आता या माणसाला कोण समजावणार? बायको रडून थकली होती, मुलगा भांडून थकला होता.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर रुदैना वही घेऊन बसली होती. विद्यापीठातर्फे ती दोन वर्षं एकाच गोष्टीचा अभ्यास करत होती. गावोगावची आरोग्य केंद्रं चिठ्ठी देऊन माणसं मोठ्या दवाखान्यात पाठवतात. त्यातली पोचतात किती, आणि पुढे बरी होतात किती? बाकीच्या गावांतल्या निम्म्या चिठ्ठ्या खिशातच चुरगळून जात. या केंद्राची मात्र जवळजवळ प्रत्येक चिठ्ठी पोचत होती, माणसंही धडधाकट होऊन परत येत होती. हे कसं, ते बघायला ती आली होती. आणि आज तिच्या डोळ्यांदेखत चिठ्ठी वाया चालली होती.

रस्मियाने वाद घातला नाही. तिने कपाटातून मकदूसची बरणी काढली. अक्रोड भरून तेलात मुरवलेली छोटी वांगी.

“बरं, नका जाऊ. पंचाईत माझीच झाली. माझी धाकटी बहीण त्याच दवाखान्यात नर्स आहे, पाय तपासतात त्याच खोलीत. सातवा महिना लागलाय. मकदूस पाठव, मकदूस पाठव करून नुसता जीव खातेय माझा. म्हटलं, तुमच्या हाती धाडावी. असू दे.”

अबू नाइफचा हात बुटाच्या नाडीवर थांबला.

“दुसरं कोणी जाणारं नाही?”

“कोण आहे?”

“आण इकडे! पोटुशी बाईला ताटकळत ठेवतात होय?” असं गुरगुरत त्याने बरणी काखेत मारली, चिठ्ठीही उचलली आणि लंगडत बस गाठायला निघाला.

रुदैना गोंधळली. “म्हणजे खाऊ पाठवून तुम्ही यांचा नंबर आधी लावून घेता?”

“अगं बाई, नाही गं!” रस्मियाला हसू आवरेना. “मला बहीणच नाही. आईबापांची मी एकटीच. आमची माणसं स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढायची नाहीत. पण कुणी विश्वासाने हातात काही दिलं, की ते पोचवल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. चिठ्ठी डोळ्यांची असली की बहीण डोळ्यांच्या खोलीत, छातीची असली की छातीच्या. तिथल्या नर्सना मी फोन करते. बरणी घ्या म्हणते, आणि आणणाऱ्याला तपासल्याशिवाय सोडू नका.” मग ती गंभीर झाली. “पण हे कुठे छापू नकोस हं, लेकी. गावाला कळलं तर उद्यापासून एक माणूस जायचा नाही.”

रुदैनाला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली, आणि तिने मारलीच.

परतायला तिलाही तीच बस होती. अबू नाइफ बरणी मांडीवर घेऊन बसला होता. घाटाच्या प्रत्येक वळणावर तो दोन्ही हातांनी ती सांभाळत होता. रुदैना त्याच्या शेजारी बसली.

“फार जीव दिसतोय रस्मियाबाईंचा बहिणीवर,” ती म्हणाली.

म्हाताऱ्याने मागेपुढे बघितलं. गावचं कोणी जवळ नव्हतं.

“कुठली बहीण? तिच्या बापाला मी या हातांनी मूठमाती दिली. त्याला ही एकच पोर. सहा वर्षं झाली, सगळा गाव बरण्या वाहतोय, आणि ती बहीण अजून सातव्या महिन्यातच आहे! पण तिला सांगू नकोस हं. तिला वाटतं, आम्हाला कळत नाही.”

“मग काका, तुम्ही निघालात कशाला?”

“अगं, माझ्या पायासाठी ती पोर एवढं खोटं बोलते, आणि मी घरी बसून राहू?”