आवडाबाईचं साल

इंझोरीच्या पुंजाजींची बायको आवडाबाई वारली, त्याला महिना झाला. तरी त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. अशात जपानात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलीचं, सुप्रियाचं, पार्सल आलं. आत लाकडी ठशांनी छापलेली बारा चित्रं होती. उंदीर, बैल, वाघ, ससा, शेवटी रानडुक्कर. त्यांनी तिला फोन लावला.

"बाबा, इकडे जन्मसालाचं एकेक जनावर रायते. आईचं जे असन ते तिच्या फोटोपाशी लावजा. मले तिचं साल मालूम नाही, म्हणून बाराही धाडले."

पुंजाजींनी फोन कानाशी धरूनच चित्रं खाटेवर मांडली. सत्तेचाळीस वर्षांचा संसार झाला, पण बायको कोणत्या सालची हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. आधार कार्डावरचं साल तर कोणीतरी अंदाजानंच टाकलेलं.

"सापडलं का, बाबा?"

"नाही." मग त्यांनी विचारलं, "अन् माह्यं कोणतं?"

"तुमचं माकड. तुमी छप्पनचे ना, धम्मदीक्षेच्या सालचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाले, दिवस निघता निघता. आईनं लग्न झाल्या झाल्याच आजीले विचारून घेतलं होतं."