वसुबारसेचं उष्टं

गूळ लावलेली भाकरीही गायीनं नुसती हुंगली आणि मान फिरवली.

अनसूयाबाईंनी पुन्हा हात पुढे केला. वसुबारस होती, दिवस मावळला होता, आणि गायीनं घास घेतल्यावर तिच्या उष्ट्यातूनच उपास सोडायचा, अशी त्यांच्या घरची रीत होती.

“आत्याबाई, तिला ते खाणं वाटतच नाही,” सून मंजिरी म्हणाली. “प्रयोगशाळेत पोटातले जंतूच बदललेत तिच्या. चिपाडं, साली, टरफलं एवढंच तिला कळतं. तुम्ही जेवून घ्या बघू.”

“तिच्या आधी?”

माणसाचं धान्य जनावराला घालायला बंदी येऊन नऊ वर्षं झाली होती. सणाच्या एका घासाची सवलत सरकारनं ठेवली होती. आधीची म्हातारी गाय, कपिला, तो घास मिटक्या मारत खायची. या नव्या गायीला त्या सवलतीचं काही सोयरसुतक नव्हतं.

अनसूयाबाईंना घेरी आली. त्या गोठ्याच्या उंबऱ्यावर टेकल्या. तेवढ्यात गायीनं दावं ताणून दाराशी ठेवलेल्या पाटीत तोंड घातलं. सकाळपासून नैवेद्य रांधताना बाईंनी काढून टाकलेलं सगळं त्यात होतं. भोपळ्याची साल, गवारीच्या शिरा, बाजरीचा कोंडा. गाय डोळे मिटून खात राहिली.

“खाल्लं बाई एकदाचं!” मंजिरीनं सुस्कारा सोडला आणि ताट पुढे केलं.

अनसूयाबाईंनी ते बाजूला सारलं. पाटीच्या तळाशी उरलेला चिमूटभर कोंडा उचलून तोंडात टाकला.

“अहो, ते माणसानं खायचं नसतं!”

“का? त्यालाही बंदी आहे?” असं म्हणून त्या सावकाश चावत राहिल्या.