दोन कुलपांचं कपाट

परदेशातून मागवलेलं गुंगीचं रसायन अखेर प्रयोगशाळेत पोचलं. परवान्याची अट अशी, की ते दोन कुलपांच्या कपाटात ठेवायचं आणि परवान्यावर नावं असलेल्या दोघांनी मिळूनच कुलपं लावायची. म्हणून मृदुलाने बदली मागितल्यापासून तिच्याशी अबोला धरलेले दाभाडेसर आज मुकाट्याने तिच्याशेजारी उभे राहिले.

“सर, नागपूरला आई एकटी आहे. मला कधी सोडताय?”

“परवान्यावर तुझ्या जागी दुसरं नाव चढल्याशिवाय कसं सोडू?”

“त्याला किती दिवस लागतील?”

सरांनी आपलं कुलूप लावलं, उगाच ओढून पाहिलं.

“अर्ज पाठवलाच नाही अजून.”

ती भडकणारच होती. पण सर अजून कपाटाकडेच तोंड करून उभे होते.

“तो अर्ज तूच लिही बाई,” ते म्हणाले, “माझ्याच्यानं लिहवत नाही.”