चौथ्या खोलीतलं यंत्र

'उत्पादकाने येथे नाव भरावे.' पडद्यावर एवढंच उमटलं आणि तिचं डोकं फिरलं.

नाव भरायला विसरला तो कारखान्यातला कुणी शहाणा, आणि निस्तरायचं हिने. हॉस्पिटलच्या चाळीस सर्व्हरपैकी एकोणचाळीस सर्व्हरनी एका कमांडसरशी आपलं मॉडेल आणि नंबर सांगून टाकला होता. चाळिसावा अडून बसला होता. सगळ्यात जुना, जुन्या पेशंटांच्या फायली सांभाळणारा. एक कमांड दिली तर म्हणे परवानगी नाही, दुसरी दिली तर म्हणे अशी कमांडच नाही. वर प्रत्येक उत्तर किंचित रेंगाळत यायचं. म्हातारं यंत्र, ती स्वतःशीच म्हणाली.

"सापडलं का, मॅडम?" कुलूपकाकांनी विचारलं. सकाळपासूनची ही दहावी वेळ.

कुलूपकाका म्हणजे स्टोअरकीपर. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून हे नाव. नव्या साहेबांनी बजावलं होतं, पाच वाजेपर्यंत यादी हवी, आणि यादीतलं प्रत्येक यंत्र डोळ्यांनी दिसायला हवं. जे दिसणार नाही ते चोरीला गेलं असं धरणार. आणि रजिस्टरात चाळिसाव्यापुढे सही होती काकांची. निवृत्तीला आठ महिने उरले होते त्यांच्या.

"काका, चौथ्या खोलीत तिसऱ्या फळीवर नीट पाहिलंत ना?"

"तीनदा पाहिलं. फळी रिकामी आहे. नुसती धूळ."

"पण ते उत्तर देतंय! आत्ता, माझ्यासमोर!"

"मग दुसरीकडे हलवलं असेल कुणी. गेल्या वर्षी वायरिंग बदलताना दोन दिवस सगळी बिल्डिंग अंधारात होती, तेव्हा काय काय हलवलं, देव जाणे. मी रोज थोडाच मोजतो? मशीन चालू आहे म्हटल्यावर बघायला कोण जातंय, मॅडम?"

हे मात्र खरं होतं. तीसुद्धा दोन वर्षांत त्या फळीकडे फिरकली नव्हती. तिला स्वतःचाच राग आला.

आता मॉडेल कळलं तरच आडदांड खोकं शोधायचं की चपटं, ते कळणार होतं. यंत्राच्या पोटात शिरून ओळख काढणारी कमांड होती, पण तिला ॲडमिनचा पासवर्ड लागायचा. तो माहीत होता एकाच माणसाला, आणि तो माणूस तिच्याच घरात राहत होता. तिचे सासरे. तिच्या आधी तीस वर्षं हॉस्पिटलचा हाच कॉम्प्युटर विभाग त्यांनी सांभाळला होता. कधीही अडलं तर घरून काम करता यावं म्हणून हॉस्पिटलने त्यांच्या घरापर्यंत स्वतंत्र लाइन टाकून दिली होती. ती अजून तशीच होती, आणि सुनेला आयतीच मिळाली होती.

तिने फोन लावला.

"बाबा, जुन्या फायलींच्या सर्व्हरचा पासवर्ड काय होता हो?"

पलीकडे घरघर ऐकू आली. हवा शुद्ध करायचं त्यांचं यंत्र. निवृत्त झाल्यावर खोकल्यासाठी आणलेलं, खाटेखाली ठेवलेलं, दिवसरात्र चालू. त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. सासूबाई त्याला सवत म्हणायच्या.

"कशाला हवाय?"

"यादी करायची आहे. मॉडेल आणि नंबर."

"एवढंच ना? थांब, चष्मा घेतो."

काहीतरी सरकल्याचा आवाज आला. बाबा कण्हले, गुडघे दुखत असणार. मग त्यांनी मॉडेलचं नाव सांगितलं आणि अकरा अक्षरी नंबर एकेक करून वाचून दाखवला. माणसाने जुन्या डायऱ्या किती जपाव्यात, तिला कौतुकच वाटलं.

"थँक्यू बाबा. पण खात्री करायला पासवर्डही द्या ना."

त्यांनी तो दिला, जरा नाखुशीनेच. "यादीत लिही नि मोकळी हो. जुनं यंत्र आहे, फार छळू नकोस त्याला."

साहेब काय म्हणालेत ते तिने सांगितलं नाही. उगाच त्यांचा रक्तदाब वाढायला नको.

तिने कमांड दिली. मॉडेल बरोबर. नंबर अक्षर न् अक्षर बरोबर. खाली आणखी एक ओळ: सातशे बारा दिवस अखंड चालू. चपटं खोकं, दोन हात लांब. काका धावले. तळघर, गच्चीवरची खोली, एक्स-रेच्या मागचं अडगळीचं कोठार, सगळं पालथं घातलं. साडेचारला घामाघूम होऊन परतले आणि खुर्चीत मटकन बसले.

"मॅडम, मी चोर नाही हो," ते म्हणाले आणि डोळे पुसायला लागले.

तिला चीड आली होती साहेबांची, यंत्राची, सगळ्यांचीच. मग एकदम आठवलं. अशा सर्व्हरच्या तोंडावर एक निळा दिवा असतो. कमांड दिली की तो लुकलुकायला लागतो, गर्दीत हात वर केल्यासारखा. आता पासवर्ड होता.

तिने कमांड दिली. "काका, आता फक्त निळा दिवा शोधा. प्रत्येक खोलीतली लाइट घालवून बघा. या इमारतीत कुठेही असला तरी दिसेल."

काका जुडगा खुळखुळवत पळाले. पावणेपाच झाले. मजल्यामागून मजला, काकांचा एकच निरोप येत होता, नाही. साहेबांच्या केबिनचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि नेमका तेव्हाच तिचा फोन वाजला. सासूबाई.

"आई, आत्ता नको, मी फार गडबडीत आहे."

"अगं, एकच विचारते. ह्यांच्या खाटेखालच्या त्या मेल्या यंत्राचा निळा दिवा मघापासून लुकलुकतोय. हे म्हणतात, सूनबाईला सांगायचं नाही. पण मला बाई भीती वाटते. काढून टाकू का त्याची पिन?"