नियम दोघांना सारखा

"बाबा, हे काय चाललंय?"

ती दारातच थांबली. ड्यूटीचे बूटही अजून पायातच होते. बाबा बेसिनपाशी उभे राहून कोल्ड्रिंकची भरलेली बाटली ओतत होते. वर आलेल्या फेसाकडे ते असे बघत होते, जणू त्याच्याशी जुनं वैर असावं.

"तुझ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो," ते म्हणाले. "गोड पेयं बंद. कॉफी एकदम नाही, पण कमी करत करत बंद. तहान लागली की पाणी."

ती पुढे सरकली. "साखर निघाली का?"

"सांभाळायला हवं, एवढं खरं." बाबांनी बाटली उलटी करून झटकली.

आई गेल्यापासून घरात दोघंच होती. बाबा फुटबॉलचे निवृत्त पंच. उभं आयुष्य मैदानावर धावण्यात गेलं, आता टीव्हीवरची मॅच आणि शेजारी बाटली. ती अ‍ॅम्ब्युलन्स चालवायची. ड्रायव्हरच्या दारातल्या कप्प्यात तिचे एनर्जी ड्रिंकचे डबे असत. हॉस्पिटलच्या फाटकाजवळच्या मशीनमधली कॉफी असे ती वेगळीच. झोप अपुरी, धावपळ फार. त्याशिवाय निभणार कसं, असं तिचं म्हणणं. हल्ली सिग्नलला गाडी नुसती उभी असतानाही छाती धडधडायची. ते मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"एक अट आहे," बाबा म्हणाले. "समोर तू डबा फोडणार आणि मी पाणी पीत बसणार, हे मला जमायचं नाही. नियम दोघांना सारखा."

"अहो, पण पथ्य तुमचं आहे!"

"म्हणून तर अट मी घालतोय."

पंचांशी वाद घालून कुणी जिंकल्याचं तिला आठवत नव्हतं. शिवाय आईनंतर आता बाबांना काही व्हावं, हा विचारही तिला सोसत नव्हता. तिने मान डोलावली.

पहिले दिवस वाईट गेले. डबे निम्म्यावर आले, कॉफीचा कप लहान झाला आणि तिचं डोकं ठणकू लागलं. साध्या बोलण्यावर ती खेकसायची. गाडीत मागे पेशंट सांभाळणारा तिचा सहकारी वयाने मोठा होता, सगळे त्याला भाऊ म्हणत. तो एकदा ओरडलाच, "अगं, ब्रेकवर राग काढू नकोस, मागे माणूस झोपलाय!"

घरी बाबा जगमध्ये काकडीच्या चकत्या टाकून ठेवत. ती आली की दोन पेले भरत. तिने पेला उचलल्याशिवाय स्वतःचा ओठाला लावत नसत.

एका रविवारी भाऊ घरी आला. पिशवीत साखर तपासायचं छोटं यंत्र होतं. "पंच, बोट द्या. एका थेंबाचं काम."

बाबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "सुई बघितली की मला घेरी येते."

"मग रिपोर्ट तरी दाखवा," ती म्हणाली.

"मॅच चालू असताना निकाल विचारत नाहीत." बाबांनी विषय मिटवला.

ती आणखीच घाबरली. नक्कीच काहीतरी मोठं आहे, म्हणून लपवताहेत.

डबे पूर्ण बंद झाल्यावरही एक दिवस तिचा निश्चय ढळला. अपघातामागून अपघात झाले होते. दुपारी तिने फाटकाजवळ थांबून डबा घेतला आणि एका दमात निम्मा संपवला. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "आज काय प्यायलीस?"

खोटं बोलणं तिला कधी साधलं नव्हतं. "अर्धा डबा."

बाबांनी चपला घातल्या. शेजारच्या दुकानातून कोल्ड्रिंक घेऊन आले आणि शांतपणे अर्धा पेला भरला.

"बाबा, वेड लागलंय का तुम्हाला?"

"नियम दोघांना सारखा. तू अर्धा, मी अर्धा."

त्यांनी पेला उचलला तशी ती धावली. पेला हिसकावून तिने बेसिनमध्ये ओतला. अर्धं कोल्ड्रिंक तिच्या बाहीवर सांडलं. तिला रडू फुटलं. "तुम्हाला काही झालं तर मी कुणाकडे बघायचं?"

बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचेही डोळे भरले होते. "नाही पिणार," ते म्हणाले. "तू नाही, तर मीही नाही."

त्यानंतर तिने डब्याला हात लावला नाही.

हळूहळू डोकं हलकं झालं. आडवी पडली की झोप लागू लागली. एकदा एका दिवस भरलेल्या बाईला घेऊन भर गर्दीतून निघाली. बस आडवी आली, मोटारी आडव्या आल्या. पण स्टीअरिंगवरचे हात जागचे ढळले नाहीत. मागून बाळाचं पहिलं रडणं ऐकू आलं आणि तेवढ्यात पुढे लाल सिग्नल लागला. पुढच्या गाड्या बाजूला होईपर्यंत ती थांबली. छाती शांत होती. भाऊ मागून म्हणाला, "गाडी आहे की पाळणा?" ती कित्येक महिन्यांनी मोकळी हसली.

बाळ-बाळंतिणीला आत पोहोचवून ती परत निघाली, तर व्हरांड्यात डॉक्टरीणबाई भेटल्या. तिने त्यांचे दोन्ही हात धरले.

"तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून बाबांनी सगळं सोडलं. आता खरं सांगा, त्यांची साखर किती वाढली होती?"

डॉक्टरीणबाई हसू लागल्या.

"पंचांना काय धाड भरलीय? त्या दिवशी ते माझ्याकडे आले होते ते तुझ्या डब्यांची आणि कॉफीची तक्रार घेऊन."