फाटलेला पडदा

आळंदच्या चर्चमध्ये पास्टर सांगत होते, "येशूनं क्रुसावर जीव सोडला आन् मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. आता देवापाशी जायला मधी कुणी न्हाई. वरचा न्हाई, खालचा न्हाई."

पद्माबाईच्या डोळ्यांना धार लागली. गावच्या देवळात तिच्या आईनं जन्मभर पायरीखाली उभं राहून तीर्थ घेतलं होतं, तेही पुजाऱ्यानं अंग चोरून वरून ओंजळीत सोडलेलं. आज पद्माबाईनं वेदीपाशी गुडघे टेकले आणि प्रभुभोजनाच्या पेल्याला स्वतः ओठ लावले. तिच्या गल्लीच्याही खालच्या मानलेल्या गल्लीतली जगदेवी खांद्याला खांदा लावून शेजारी होती, नुकताच बाप्तिस्मा झालेली. पेला पुढं तिच्याकडे गेला.

दोघी संगटच घरी निघाल्या. ऊन रणरणत होतं. पद्माबाईच्या दाराशी जगदेवी थांबली.

"अक्का, घोटभर पाणी दे की."

"देते की. किती दमलीस बाई."

पद्माबाईनं माठातलं गार पाणी तांब्याभर आणलं. जगदेवीनं तांब्या घ्यायला हात पुढं केला.

"तसं न्हाई गं," पद्माबाई मायेनं म्हणाली, "ओंजळ कर, वरून वतते."