ड्रॉवरची तब्येत

हृदयाच्या अँजिओप्लास्टी होतात त्या कॅथ लॅबच्या कपडे बदलायच्या खोलीत डॉक्टर शिरले तेव्हा त्यांची लेक शिशाचा एप्रन चढवून कमरेचा पट्टा आवळत होती. तीही याच लॅबमध्ये डॉक्टर. त्यांनी एमआरआयचा लिफाफा आणि किरणसुरक्षा अधिकाऱ्याकडून आणलेला कागद बाकावर ठेवला आणि सांगितलं, की आजपासून तू हे काम सोड.

लेकीने आधी लिफाफा उघडला. बाबांच्या मेंदूत गाठ होती, डाव्या बाजूला. गेल्या वर्षी त्यांचा मोतीबिंदू काढला तोही डाव्याच डोळ्याचा. पेशंटवर वाकलेल्या डॉक्टरच्या कुठल्या अंगाला क्ष-किरणांचं यंत्र असतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

मग तिने कागद घेतला. डॉक्टरांच्या किरण मोजणाऱ्या बॅजवर वीस वर्षांत किती किरण पडले त्याची ती नोंद. वरपासून खालपर्यंत शून्य. देताना अधिकाऱ्याने अभिनंदन केलं होतं. म्हणाला, सर, एवढं स्वच्छ रेकॉर्ड अख्ख्या इस्पितळात नाही, दाराबाहेरच्या शिपायाचा आकडासुद्धा तुमच्याहून मोठा आहे.

"यात तर काहीच नाही, बाबा."

"बॅज मी कधी लावलाच नाही. ड्रॉवरमध्ये असायचा."

कुठल्या ड्रॉवरमध्ये, हे लेकीने विचारलं नाही.

आकडा वाढला की दोन-दोन महिने लॅबबाहेर बसवतात, आणि पेशंटची हृदयं काही तेवढी वाट बघत नाहीत. म्हणून वीस वर्षं, दर तीन महिन्यांनी, त्या लाकडी ड्रॉवरची तब्येत नेमाने तपासली गेली. ती ठणठणीत निघत आली. आता गाठ कशाने झाली हे डॉक्टर कुणाला पटवायला गेले, तर हाच कागद त्यांना खोटं पाडणार होता.

ज्यांच्या नुसत्या खोकण्याने वॉर्ड गप्प होतो, त्या डॉक्टरांनी लेकीपुढे हात जोडले.

"सोडणार नसशील तर निदान बॅज लावत जा. तुझा आकडा तरी खरा असू दे."

तेवढ्यात सिस्टरने दारातून डोकं घातलं. पेशंट टेबलवर घेतला होता, छातीत जोराची कळ येत होती.

"एवढी एक केस होऊ दे, बाबा," लेक म्हणाली. "मग बोलू."

डॉक्टरांना वाक्य ओळखीचं वाटलं. तिच्या आईने ते त्यांच्याच तोंडून रोज ऐकलं होतं.

ती आत गेली. दारावरचा लाल दिवा लागला.

आपला बॅज एकदाचा कचऱ्यात टाकावा म्हणून डॉक्टरांनी बाकाखालचा तो लाकडी ड्रॉवर उघडला आणि आत हात घातला. तो लगेच सापडला, थंडगार. मग बोटांना त्याच्या शेजारी आणखी एक लागला.

तो अजून कोमट होता.